फटफटीचे वेड

गेल्या चैत्रात आक्काने मला मुद्दाम साताऱ्याला बोलावून घेतले. तिचा नातू वर्षापूर्वी नोकरीला लागला. पगारातून पैसे साठवून त्याने बुलेट घ्यायचे ठरवले होते, आणि त्याचे मन वळवण्याची कामगिरी तिने माझ्यावर सोपवली होती. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. घडून गेलेली गोष्ट का घडली हे इतिहासाच्या मास्तराला पुष्कळदा सांगता येते. घडू पाहणारी गोष्ट कशी थांबवावी हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तरीही मी रीतीप्रमाणे चार शब्द बोललो. पोरगा मान खाली घालून बसला होता. ऐकल्यासारखे करीत होता, पण ऐकत नव्हता. शेवटी आक्का माझ्यावरच उलटली. म्हणाली, "त्याला काय सांगतोस? तूसुद्धा वीस वर्षे चालवलीस की! मला एवढेच सांग, त्या फटफटीत असे आहे तरी काय?"

मला उत्तर देता आले नाही. वेग म्हणावे, तर मोटारगाडी तितक्याच वेगाने जाते. काटकसर म्हणावी, तर नव्या बुलेटच्या पैशांत जुनी का होईना, चार चाकांची गाडी येते. सोय म्हणावी, तर उन्हात भाजणे, पावसात भिजणे आणि थंडीत बोटे बधिर करून घेणे याला सोय म्हणणाऱ्याची कीव करावी लागेल. शिवाय आक्काच्या प्रश्नामागे आणखी एक माणूस उभा होता. त्याच्याविषयी पुढे सांगेन. तो प्रश्न घेऊन मी पुण्याला परतलो, आणि सवयीप्रमाणे त्याचे मूळ इतिहासात शोधू लागलो.

या यंत्राला आपल्या भाषेने दिलेले नाव मला फार आवडते. आगगाडीला नाव मिळाले ते तिच्या पोटातल्या आगीवरून, आगबोटीलाही तसेच. मोटारसायकलीचे नाव मात्र लोकांनी तिच्या आवाजावरून ठेवले. ती दिसण्याच्या आधी ऐकू येत असे, आणि दिसेनाशी झाल्यावरही ऐकू येत राही. लहान मुलाने चिमणीला चिऊ म्हणावे तशी आपल्या लोकांनी तिला फटफटी म्हटले. जर्मन लोकांनी 'मोटोरराड' म्हटले. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ साली अशा गाड्या विक्रीसाठी तयार करायला घेतल्या तेव्हा हे नाव रूढ केले. त्यात यंत्र आणि चाक आहे, पण आवाज नाही.

पण तिचा जन्म त्याच्याही आधीचा आहे, आणि तो काहीसा नकोशा अपत्यासारखा आहे. गॉटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोन जर्मन कारागीर कान्स्टाट गावी बागेतल्या एका छोट्या इमारतीत हलके, वेगाने फिरणारे इंजिन बनवण्याच्या खटपटीत होते. इंजिन तयार झाले. ते जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे होते. ते चालत्या वाहनाला ओढू शकते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी १८८५ साली एक लाकडी सांगाडा केला, त्याला दोन मोठी चाके लावली, आधाराला बाजूस दोन लहान चाके लावली, आणि त्या सांगाड्यात इंजिन बसवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डायमलरचा मुलगा पॉल त्यावर बसून कान्स्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत गेला. अंतर सुमारे तीन किलोमीटर. इंजिनातील वायू पेटवणारी तापलेली नळी नेमकी बैठकीच्या खाली होती, त्यामुळे वाटेत बैठकीने पेट घेतला असे सांगतात. जगातला पहिला मोटारसायकलस्वार वयाने सोळा वर्षांचा होता, आणि त्याच्या बुडाखाली जाळ झाला होता! पुढच्या एकशे चाळीस वर्षांचा सगळा इतिहास जणू त्या तीन किलोमीटरांत होऊन गेला.

डायमलरला मोटारसायकल बनवायचीच नव्हती. इंजिनाची परीक्षा झाली, आणि तो पुन्हा कधी दोन चाकांकडे वळला नाही; त्याने चार चाकांची गाडी केली, बोट केली. ज्यांनी हे वाहन जन्माला घातले त्यांनी ते टाकून दिले, आणि ते उचलले परक्यांनी, म्हणजे सायकली बनवणाऱ्यांनी. पुढची वीसपंचवीस वर्षे मोटारसायकल ही गरिबाची मोटार होती. ज्याला घोडा परवडत नाही, गाडी परवडत नाही, त्याने ती घ्यावी. इथपर्यंत काही कोडे नाही. माणसाला पाय थकवायचे नसतात, आणि खिशात जेवढे असेल तेवढ्यात तो वाहन घेतो.

कोडे पुढे आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर मोटारगाडी झपाट्याने स्वस्त झाली. अमेरिकेत फोर्डने, इंग्लंडात ऑस्टिन आणि मॉरिस यांनी ती कारकुनाच्या आवाक्यात आणली. छप्पर आले, काचा आल्या, बायकामुले मागे बसू लागली. तर्कशास्त्राप्रमाणे मोटारसायकलीने त्या दशकात मरायला हवे होते. अमेरिकेत तिला खरेच उतरती कळा लागली. पण नेमक्या त्याच काळात, १९१९ साली, इंग्लंडातील नॉटिंगहॅम गावी जॉर्ज ब्रफ नावाच्या माणसाने स्वतःचा कारखाना काढला. त्याचे वडीलही मोटारसायकली बनवीत आणि त्यांना ब्रफ हेच नाव होते. मुलाने आपल्या गाडीला 'ब्रफ सुपीरियर' म्हटले तेव्हा म्हातारा म्हणाला म्हणे, की मग माझी हलकी ठरली वाटते! या जॉर्जने १९२४ साली आणलेली एस. एस. १०० ही गाडी सुमारे १७० पौंडांना मिळे. ऑस्टिनची चार चाकांची छोटी मोटार त्याच सुमारास त्याहून कमी पैशांत येत होती. म्हणजे छप्पर असलेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून माणसे भिजण्याचा हक्क विकत घेऊ लागली. माझ्या मते गरज संपून प्रेम सुरू झाले ते इथे.

या ब्रफच्या सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाइकाची गोष्ट मला आक्काच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ घेऊन गेली. तो गिऱ्हाईक म्हणजे टी. ई. लॉरेन्स, जगाला 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून ठाऊक असलेला. पहिल्या महायुद्धात त्याने तुर्कांविरुद्धच्या अरबांच्या उठावात त्यांच्या बरोबरीने उंटावर बसून लढाई केली. त्या अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली होती, आणि इकडे इंग्रज व फ्रेंचांनी आपसात त्या मुलखाची वाटणी आधीच करून ठेवली होती. लॉरेन्सला हे ठाऊक होते, आणि ते ओझे त्याच्या मनावरून कधी उतरले नाही. युद्धात त्याचे दोन भाऊ मारले गेले. त्यातून वर आली कीर्ती. कर्नलच्या हुद्द्याचा, राजदरबारी मान असलेला हा माणूस १९२२ साली 'रॉस' असे खोटे नाव घेऊन विमानदलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी त्याला हुडकून काढले, विमानदलाने काढून टाकले. मग 'शॉ' हे नाव घेऊन तो रणगाडादलात शिरला, आणि १९२५ साली पुन्हा विमानदलात. माणूस स्वतःच्या नावापासून पळत होता.

त्या पळण्यातले त्याचे वाहन ब्रफ सुपीरियर होते. आयुष्यात त्याने एकामागून एक अशा सात ब्रफ वापरल्या. आठवीची मागणी नोंदवलेली होती. पहिलीचे नाव त्याने 'बोअनर्जेस' ठेवले. बायबलात येशूने आपल्या दोन शिष्यांना दिलेले हे नाव, त्याचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. बघा, आवाजावरून नाव ठेवण्याची बुद्धी एकट्या मराठी माणसालाच झाली असे नाही. १९२६ च्या सप्टेंबरात त्याने जॉर्ज ब्रफला आभाराचे पत्र लिहिले, त्यात चार वर्षांत पाच गाड्यांवर मिळून एक लाख मैल पुरे झाल्याचे कळवले. त्या काळच्या इंग्लंडातल्या अरुंद, ओल्या रस्त्यांवर एका शिपायाने सुट्टीच्या वेळात एक लाख मैल काटावेत, याचा हिशेब करून पाहावा. तो कुठे जात होता? पुष्कळदा कुठेच नाही. त्याने शिपाईगिरीवर लिहिलेले 'द मिंट' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ साली, सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. त्यात एका संध्याकाळच्या फेरफटक्याचे प्रकरण आहे. वर एक लढाऊ विमान आणि खाली रस्त्यावर ही मोटारसायकल, अशी दोघांची शर्यत त्यात रंगली आहे. निमित्त काय, तर बराकीतल्या सोबत्यांसाठी खाण्याचे जिन्नस आणणे.

त्यानंतर तो आपल्याकडे आला. १९२७ सालच्या जानेवारीत त्याची बदली कराचीला झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. म्हणजे हा पळून आलेला कर्नल काही काळ आपल्याच इलाख्यात ड्रिग रोडच्या विमानतळावर कारकुनी करीत होता. पुढे त्याला सरहद्दीवर मीरानशाहला पाठवले. तिथे अफगाणिस्तानात बंड झाले, आणि त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याची आवई वर्तमानपत्रांनी उठवली. सरकारने घाबरून त्याला परत बोलावले. १९२९ च्या जानेवारीत तो मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोटीने गेला. इंग्लंडात त्याच्यासाठी मित्रांनी एक नवी ब्रफ घेऊन ठेवली होती. त्या मित्रांत बर्नार्ड शॉ पतिपत्नी होते. ज्याला मान नको, पैसा नको, नावही नको, त्या माणसाला काय द्यावे हा प्रश्न त्या मंडळींना पडला असणार. उत्तर त्यांना बरोबर सापडले.

आता त्या गाडीने त्याला काय दिले? याचे उत्तर लॉरेन्सला सोडून जरा गाडीकडेच पाहिल्यावर सापडते, असे मला वाटते.

दुचाकी उभी राहते ती चालत असते म्हणून. थांबली की पडते. हे सर्वांना माहीत आहे. पण ती वळते कशी, हे चालवणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचे डेटन गावात सायकलींचे दुकान होते. त्यांतला विल्बर सायकलस्वारांना विचारी, की डावीकडे वळताना तुम्ही काय करता? जो तो सांगे, हँडल डावीकडे फिरवतो. विल्बरच्या ध्यानात आले होते की एकाचेही उत्तर बरोबर नाही. डावीकडे वळायचे तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जाते. चाके अंगाखालून उजवीकडे सरकतात, अंग डावीकडे कलते, आणि मग वळण सुरू होते. मन ज्याला चूक म्हणेल ते हात बरोबर करीत असतात, आणि मनाला त्याचा पत्ता नसतो. वेगातल्या मोटारसायकलीला हे जास्तच लागू पडते. मोटारगाडीत वळणावर आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, दाराचा आधार घेतो. मोटारसायकलीवर गाडी आणि माणूस मिळून नेमके इतके कलतात, की वळणाची सगळी ओढ बैठकीतून सरळ खाली जाते. अंगाला बाजूचा धक्का असा बसतच नाही. क्षणभर आपले वजन वाढल्यासारखे वाटते एवढेच. केळघरच्या घाटात एकामागून एक वळणे घेताना मला नेहमी झोपाळ्याची आठवण होई. झोपाळाही असाच, शेवटाला आपल्याला कुठे फेकत नाही, धरून ठेवतो.

दुसरे, ही गाडी माणसाला काही विसरू देत नाही. मी चालवली ती मद्रासची जुनी बुलेट होती. तिला सुरू करणे हा एक विधी होता. ॲमीटरचा काटा पाहत किक हलकेच दाबायची, काटा मध्यावर आला की छोटा लीव्हर ओढून सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडायची, किक तसूभर पुढे न्यायची, लीव्हर सोडून द्यायचा, किक पुन्हा वर आणायची, आणि मग सगळे वजन टाकून एक लाथ. घाई केली तर किक उलटी येई आणि घोट्याला प्रसाद मिळे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दोन हात आणि दोन पाय यांना चार निरनिराळी कामे, नजर शंभर पावलांवर, कान इंजिनाच्या ठोक्यावर. वाळू सांडली आहे का, ट्रॅक्टरने शेतातला चिखल आणला आहे का, म्हैस थांबणार की निघणार? अशा वेळी घरचे कर्ज, शाळेतली भांडणे, परवाचा अपमान यांना आत शिरायला जागाच उरत नाही. त्यांना हाकलावे लागत नाही. माणूस घरात नाही असे पाहून ती आपली आपण परत जातात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस येथील शाखेतल्या संशोधकांनी पन्नासहून अधिक स्वारांना सुमारे वीस मिनिटे मोटारसायकल चालवायला लावून तपासले आणि निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. नाडी जलद झालेली, एकाग्रता वाढलेली, आणि अंगातल्या ताणाची रासायनिक खूण २८ टक्क्यांनी उतरलेली त्यांना आढळली. या अभ्यासाला पैसे हार्ले-डेव्हिडसन कंपनीने दिले होते. कुंभार आपल्या मडक्याला कच्चे म्हणत नाही, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण मला तो खोटा वाटला नाही, कारण कंपनी नसतानाही मला तोच अनुभव होता.

आणि तिसरे, हवा. घाट उतरताना ओढ्याच्या खोलगट जागेत गारव्याचे एक तळे साठलेले असते. मोटारीतून जाणाऱ्याला ते ठाऊकच होत नाही. दुचाकीवरचा त्यात गुडघ्यापासून बुडतो आणि पलीकडे वर निघतो. भाताच्या खाचरांचा वास, शेणीचा धूर, पहिल्या पावसाची माती, गुऱ्हाळाचा गोड दर्प, सगळे क्रमाने अंगावरून जाते. मुलूख पाहणे आणि मुलखातून जाणे यांतला हा फरक आहे.

लॉरेन्सला तरी दुसरे काय हवे होते? जो स्वतःपासून पळत होता त्याला या गाडीवर काही वेळ 'स्वतः' असण्यापासून सुटका मिळे. त्याचे दुःख मोठे आणि असामान्य होते, पण सुटका सर्वांना मिळते तीच होती. केवळ पळणाऱ्यांनाच ती मिळते असेही नाही. लॉरेन्सच्या आयुष्याचे अखेरचे महिने चालू होते त्याच सुमारास, १९३४ च्या डिसेंबरात, थेरेसा वॉलाक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज तरुणी सहाशे सी. सी. च्या पँथर मोटारसायकलीला साइडकार आणि मागे एक गाडा जोडून लंडनहून निघाल्या, सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैत केपटाऊनला पोहोचल्या. त्या कशापासून पळत नव्हत्या. बाईमाणसाला हे जमायचे नाही असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि दोघींना वाळूतून गाडी ओढत ते खोटे करायचे होते.

आपल्याकडे हे प्रेम आले ते बव्हंशी लष्कराच्या मागून. दुसऱ्या महायुद्धात निरोप्यांसाठी इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्याने एम-२० नावाच्या एक लाखाहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर अशा गाड्या जगभर लिलावात निघाल्या. स्वतंत्र भारताच्या सेनेला सरहद्दीवर गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या. तिने रॉयल एनफील्डची बुलेट पसंत केली, आणि १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन त्या गाड्या इथे जुळू लागल्या. पुढे इंग्लंडातला रॉयल एनफील्डचा धंदाच १९७० च्या सुमारास बंद पडला, आणि मद्रासची बुलेट मात्र चालत राहिली. मायदेशी ज्याचा वंश खुंटला ते यंत्र आपल्या मुलखात टिकून राहिले, आणि आज परत विलायतेला विकले जाते. इतिहासाला असले विनोद आवडतात.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आपल्याकडे दुचाकी प्रथम गरजच आहे. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाक्या विकल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकांवर दुधाचे कॅन, गॅसची टाकी, किंवा नवराबायको आणि मध्ये दप्तरासह मूल असे ओझे असते. त्या माणसाला प्रेमाविषयी विचारणे म्हणजे नांगरणाऱ्याला बैलाच्या सौंदर्याविषयी विचारण्यासारखे आहे. पण बेंदराच्या दिवशी तोच बैल शिंगे रंगवून मिरवतो, हेही खरे.

आता त्या उभ्या राहिलेल्या माणसाकडे वळतो. ते आमचे मामा. मेढ्याला डॉक्टरकी करीत. लष्करी लिलावातली बी. एस. ए. त्यांनी घेतली ती खेडोपाडी रोगी पाहायला जाता यावे म्हणून; निदान आजीला त्यांनी असे सांगितले होते. १९५८ च्या सुमारास मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला टाकीवर बसवून केळघरचा घाट दाखवला, आणि तेव्हापासून मी बिघडलो. रोगी नसला तरी ते संध्याकाळी घाटात एक फेरी मारून येत. १९६४ च्या मार्गशीर्षात असेच परत येताना वळणावर कंदील नसलेली बैलगाडी आली. तिला चुकवताना मामा कठड्याच्या दगडावर गेले. डोक्यावर नेहमीची काळी टोपी होती. ते वाचले, पण डॉक्टर राहिले नाहीत. पुढची अकरा वर्षे ते आजोळच्या ओसरीवर बसून असत. आक्काला ते माझ्या आईच्या नावाने हाक मारीत, मला ओळखत नसत. पण रस्त्याने फटफटी गेली की आवाजावरून तिची जात अचूक सांगत. त्यांचे जेवणखाण आक्काने आणि मामींनी केले. आक्काचा प्रश्न विचारण्याचा हक्क हा असा आहे.

लॉरेन्सची अखेर जवळजवळ अशीच झाली. १९३५ च्या फेब्रुवारीत त्याने विमानदल सोडले. १३ मे रोजी डॉर्सेट परगण्यातील क्लाउड्स हिल या आपल्या लहानशा घराकडे तो बोव्हिंग्टनहून तार करून परतत होता. घर अगदी जवळ आले असता रस्त्याच्या उतारामुळे न दिसलेली सायकलवरची दोन मुले समोर आली. त्यांना चुकवताना तो गाडीवरून फेकला गेला. मुले वाचली. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो वारला, वय ४६.

त्याच्या उशाशी ज्यांना बोलावले होते त्यांत मेंदूचे शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स होते, जन्माने ऑस्ट्रेलियन. त्यांना काही करता आले नाही. पण ते तो रोगी विसरले नाहीत. युद्ध सुरू झाल्यावर लष्करी निरोप्ये धडाधड मरू लागले, तेव्हा त्यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे रस्त्यावर मेले होते, आणि डोक्याची जखम हेच मुख्य कारण होते. शिरस्त्राण घातलेल्या अपघातग्रस्तांची त्यांना अवघी सात उदाहरणे सापडली. सातही जगले होते. १९४१ च्या ऑक्टोबरात त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सेनेने आपल्या स्वारांना शिरस्त्राणाची सक्ती केली. सामान्य नागरिकांसाठी तो कायदा तिथे व्हायला १९७३ उजाडले. केर्न्स १९५२ सालीच गेले होते.

केर्न्सनी लोकांना मोटारसायकल सोडा असे सांगितले नाही, हे मला विशेष वाटते. ज्या वेडाने त्यांचा रोगी नेला त्या वेडाशी ते भांडत बसले नाहीत. माणसे हे करणारच, तेव्हा त्यांचे डोके झाका, एवढेच म्हणाले. आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात शिरस्त्राणाचे कलम आहे. तरी २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. हा आकडा लिहिताना मला ओसरी दिसते.

अक्षय्य तृतीयेला बुलेट घरी आली. मी गेलो होतो. आदल्या दिवशी आक्काला मी माझ्यापरीने उत्तर दिले. म्हटले, "आक्का, दिवसभर आपण आपल्यालाच अंगाखांद्यावर घेऊन हिंडत असतो. त्या गाडीवर बसले की थोडा वेळ ते ओझे खाली ठेवता येते. मामा रोज दुसऱ्यांची दुखणी उचलून दमत. त्यांना संध्याकाळी ते ठेवायला घाट होता." ती काही बोलली नाही. पटले असे मी म्हणणार नाही.

सकाळी तिने गाडीला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले. मग पोराच्या हातातले हेल्मेट मागून घेतले. दोन्ही हातांनी उलटसुलट करून पाहिले, आत बोटे घालून अस्तर चाचपले, आणि त्यालाही कुंकू लावले. मला विचारले, "मामाच्या वेळी असले काही निघाले होते का रे?"

मामांचा अपघात १९६४ चा. केर्न्सचा लेख १९४१ चा.

"निघाले होते," मी म्हणालो. "आपल्यापर्यंत पोहोचले नव्हते."

तिने मान हलवली, आणि ते पोराच्या डोक्यावर स्वतः चढवून हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला.